पंप वर काढला, पण व्हॉल्व्ह बंद झालाच नव्हता : मैलापाणी पंपिंग स्टेशनमधल्या आयसोलेशन व्हॉल्व्हच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या शहरातलं हे मैलापाणी पंपिंग स्टेशन आहे. आयसोलेशन व्हॉल्व्ह म्हणजे दुरुस्तीसाठी लाइनचा एक भाग बाकीच्या लाइनपासून तोडणारा व्हॉल्व्ह. शहराचं नाव देत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. पाणीपुरवठ्याच्या अंदाजपत्रकातून व्हॉल्व्हची ओळ उचलून ती मलनिस्सारणाच्या निविदेत टाकायची सवय राज्यभर आहे, आणि त्या सवयीची किंमत इथे एका रात्रीत मोजावी लागली.

आधी रचना पाहू. वेट वेलमध्ये, म्हणजे मैलापाणी जमा होतं त्या विहिरीत, तीन सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारे) पंप आहेत, दोन चालू आणि एक राखीव. प्रत्येक पंप तासाला ३०० घनमीटर, २२ मीटर हेडवर (हेड म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब). पंपांच्या २५० मिमीच्या डिलिव्हरी लाइन शेजारच्या व्हॉल्व्ह चेंबरमध्ये येतात. तिथे प्रत्येक लाइनवर आधी एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह), त्यानंतर चाक फिरवून बंद करायचा स्लुस व्हॉल्व्ह, आणि मग तिन्ही लाइन ४५० मिमीच्या हेडरला, म्हणजे सामाईक पाइपला, मिळतात. हेडरच्या तोंडाशी ४५० मिमीचा आणखी एक स्लुस व्हॉल्व्ह, आणि तिथून पुढे शुद्धीकरण केंद्रापर्यंत २.४ किलोमीटरची डीआय (डक्टाइल आयर्न) रायझिंग मेन, म्हणजे पंपाच्या दाबाने पाणी वर नेणारी मुख्य लाइन. स्टॅटिक हेड, म्हणजे पंप थांबलेले असतानाही पाण्याच्या उंचीमुळे राहणारा दाब, १४ मीटर. कागदावर या मांडणीत खोट काढता येत नाही. एनआरव्ही पंपाकडे आणि स्लुस व्हॉल्व्ह हेडरकडे हा क्रमही बरोबर आहे, कारण तसा असला तरच एनआरव्ही उघडून साफ करता येतो.

मे महिन्यात, पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी, दुसऱ्या नंबरचा पंप वर काढायचा ठरला. सीलमधून ऑइल चेंबरमध्ये पाणी शिरल्याचा इशारा पॅनलवर येत होता. ऑपरेटरने चेंबरमध्ये उतरून त्या लाइनचा स्लुस व्हॉल्व्ह घट्ट होईपर्यंत फिरवला, पॅनलवरून पंपाचा पुरवठा तोडला आणि चेनब्लॉकने पंप गाइड रेलवरून वर घेतला. सबमर्सिबल पंप असा उचलला की खाली राहतो तो डकफूट बेंड (पंप ज्याला जोडला जातो तो तळाशी पक्का केलेला वाकडा पाइप), वेलच्या तळाशी उघडं तोंड वर करून. रायझिंग मेनमधलं सगळं पाणी आणि ते उघडं तोंड यांच्यामध्ये मग दोनच गोष्टी उरतात, एनआरव्ही आणि स्लुस व्हॉल्व्ह.

वेलमधली पातळी चढायला लागली. बेंडमधून पाणी उसळत असल्याचा आवाज वर स्लॅबपर्यंत येत होता. ऑपरेटर इतकंच म्हणाला, "साहेब, चाक तर फिरायचं थांबलंय, पण पाणी काय थांबंना."

त्याच्या या वाक्यात सगळं प्रकरण आलं. एनआरव्हीची झडप चिंध्यांनी अर्धवट उघडी अडकलेली होती, म्हणून पहिला अडसर गेला. आणि स्लुस व्हॉल्व्हचं चाक थांबलं होतं ते वेज (खाली उतरून भोक बंद करणारी पाचर) सीटवर, म्हणजे तो टेकतो त्या कड्यावर, बसला म्हणून थांबलं नव्हतं. २५० मिमीच्या स्लुस व्हॉल्व्हला पूर्ण उघड्यापासून पूर्ण बंदपर्यंत साधारण ३३ फेरे लागतात. इंचातल्या व्यासाची तिप्पट आणि वर दोन-तीन, हा फिटर लोकांचा जुना हिशेब आहे. इथे चाक त्याच्या बरंच आधी अडलं होतं. पण किती फेऱ्यांनी व्हॉल्व्ह बंद होतो हे स्टेशनवर कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे आधी अडलं आहे हे ऑपरेटरला कळणार तरी कसं?

नंतर तो व्हॉल्व्ह काढून उघडला तेव्हा वेज तळापासून दोन बोटं वर होता. दोन बोटं म्हणजे ३० मिमी धरू. २५० मिमीच्या भोकात एवढ्या अंतरावर अडकलेल्या वेजखाली चंद्रकोरीच्या आकाराची फट राहते, तिचं क्षेत्रफळ साधारण ७,५०० चौरस मिमी. त्यातली निम्मी फट गाळाने बुजलेली धरली, तरी १४ मीटरच्या दाबाखाली तासाला शंभर घनमीटरच्या वर पाणी उलटं येतं. म्हणजे उरलेल्या दोन पंपांपैकी एकाचं जवळजवळ निम्मं काम फक्त हे परत आलेलं पाणी पुन्हा वर पाठवण्यात जात होतं. रात्री आवक कमी होती तोवर निभावलं. सकाळी घरोघरी नळ सुरू झाले आणि वेल भरला. ओव्हरफ्लो नाल्यात गेला.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे हेडरचा ४५० मिमीचा व्हॉल्व्ह बंद करून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बदलणं. पण तो व्हॉल्व्हही त्याच जातीचा, त्याच वयाचा होता आणि तोही पूर्ण बसत नव्हता. मग उरतो एकच उपाय, रायझिंग मेन रिकामी करणं. ४५० मिमी व्यास आणि २.४ किलोमीटर लांबी, म्हणजे सुमारे ३८० घनमीटर मैलापाणी. १० हजार लिटरच्या टँकरच्या ३८ फेऱ्या. आवक सर्वांत कमी असते त्या वेळेत स्टेशन थांबवून, टँकर लावून, दिव्यांच्या उजेडात तेच करावं लागलं. एवढं करूनही वरच्या, म्हणजे शहराकडून पाणी येतं त्या बाजूच्या, मॅनहोलमधून काही पाणी नाल्यात गेलंच. नाल्याकाठच्या वस्तीला त्या दिवसांत जे सोसावं लागलं त्याची नोंद कुठल्याही लॉगबुकात होत नाही. म्हणून ती इथे करतो.

व्हॉल्व्ह उघडल्यावर काय दिसलं

धातूच्या सीटच्या स्लुस व्हॉल्व्हमध्ये वेज बसायला बॉडीच्या तळाशी एक खाच असते. स्वच्छ पाण्यात ती खाच स्वच्छ राहते. मैलापाण्यात ती गाळ साठवायची जागा होते. इथे त्या खाचेत वाळू, राख आणि चरबी मिळून इतका कठीण थर झाला होता की छिन्नीने फोडावा लागला. वर बॉनेटच्या, म्हणजे बॉडीवरच्या टोपणाच्या, पोकळीत केसांचा आणि चिंध्यांचा बोळा, त्यात गुटख्याच्या पुड्या आणि नारळाच्या शेंड्या. वेज वर असतो तेव्हा तो याच पोकळीत राहतो, आणि खाली येताना हा बोळा सोबत ओढून आणतो. गनमेटलची सीट रिंग काळी पडून कडेने खाल्ली गेली होती. तांब्याच्या मिश्रधातूंना हायड्रोजन सल्फाइड मानवत नाही, आणि साठलेल्या मैलापाण्यात तो वायू असतोच. स्पिंडल, म्हणजे वेज वर-खाली करणारा दांडा, वर न येणाऱ्या जातीचा होता, म्हणजे त्याचे आटे आतच, मैलापाण्यात. त्या आट्यांतही वाळू होती.

या व्हॉल्व्हचा कारखान्यातला चाचणी अहवाल मी पाहिला. तो निर्दोष होता. आयएस १४८४६ या भारतीय मानकाप्रमाणे बॉडीची आणि सीटची दाबचाचणी झालेली, गळती नाही. पण ते मानक पाणीपुरवठ्याच्या कामांसाठी लिहिलेलं आहे, आणि चाचणी कोऱ्या व्हॉल्व्हवर स्वच्छ पाण्याने होते. मैलापाण्याच्या लाइनवरचा आयसोलेशन व्हॉल्व्ह वर्षातले जवळजवळ सगळे दिवस उघडाच असतो. निवडताना विचार करायचा तो त्या एका दिवसाचा, जेव्हा कित्येक महिने घाणीत उघडा राहिल्यावर त्याला एकदाच, पण पूर्ण, बंद व्हायचं असतं.

चार प्रस्ताव

पहिला प्रस्ताव अपेक्षित होता, होता तसाच नवा स्लुस व्हॉल्व्ह बसवायचा. दर ठरलेला, मंजुरी सोपी. पण खाच तीच, तर गाळही तसाच साठणार.

दुसरा प्रस्ताव बटरफ्लाय व्हॉल्व्हचा. हलका, स्वस्त, जागा कमी लागते, पाव फेऱ्यात बंद. स्वच्छ किंवा प्रक्रिया केलेल्या पाण्यावर मी तो आनंदाने सुचवेन. पण त्याची चकती उघड्या अवस्थेतही प्रवाहाच्या मधोमध उभी असते. कच्च्या मैलापाण्यात चिंध्या चकतीच्या कडेला आणि शाफ्टला गुंडाळत जातात. हा पंप १०० मिमी आकाराचा घन पदार्थ पुढे ढकलू शकेल असा घ्यायचा, आणि लगेच पुढे पाइपच्या मध्ये चकती उभी करायची, यात मेळ नाही. कच्च्या मैलापाण्यावर बटरफ्लाय नको, या मतावर मी ठाम आहे.

तिसरा, एक्सेंट्रिक प्लग व्हॉल्व्ह. अमेरिकेत मैलापाण्यासाठी तो सर्रास वापरतात आणि चांगला चालतो. उघडल्यावर प्लग, म्हणजे भोक बंद करणारं बूच, प्रवाहातून बाजूला जातो. बसवताना मात्र काळजी लागते. शाफ्ट आडवा हवा, म्हणजे उघडा प्लग वरच्या बाजूला राहतो आणि त्याच्या घरात गाळ बसत नाही. पंपाच्या डिलिव्हरीवर सीटचं तोंड पंपाकडे हवं, म्हणजे हेडरकडून येणारा दाब प्लगला सीटवर दाबतो. या शहराच्या बाबतीत अडचण सुट्या भागांची होती. जवळपास ना पुरवठादार, ना तो व्हॉल्व्ह खोललेला फिटर. नगरपरिषदेच्या भांडारात ज्याचा सुटा भाग कधी येणार नाही, तो व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी मी तिथे घालणार नाही.

चौथा, नाईफ गेट. पातळ स्टेनलेस स्टीलचं पातं, खालच्या कडेला धार, चिंध्या कापत खाली उतरणारं. बॉनेटच नाही, त्यामुळे बोळा साठायला पोकळी नाही. स्पिंडलचे आटे बाहेर, हवेत. पातं किती खाली आहे ते लांबूनही दिसतं. २५० मिमी डिलिव्हरीसाठी आम्ही याच जातीवर आलो, आणि इथेच प्रकरण दुसऱ्यांदा बिघडता बिघडता राहिलं.

बाणाची दिशा

सर्वांत कमी दराचा देकार एका दिशेने बंद होणाऱ्या नाईफ गेटचा होता. अशा व्हॉल्व्हमध्ये सीट एकाच बाजूला असते. दाब पात्याला त्या सीटवर ढकलतो तेव्हा तो घट्ट बसतो. दाब उलट बाजूने आला तर पातं सीटपासून दूर सरकतं. बॉडीवर बाण असतो, आणि बसवणारा माणूस साहजिकच तो बाण प्रवाहाच्या दिशेला, पंपाकडून हेडरकडे, करून बसवतो.

आता प्रश्न असा की पंपाच्या डिलिव्हरीवरचा व्हॉल्व्ह बंद असताना दाब कुठून येतो? पंप तर थांबलेला असतो, बहुधा वर काढलेला असतो. दाब येतो हेडरकडून, म्हणजे प्रवाहाच्या बरोबर उलट. १४ मीटरचा दाब २५० मिमीच्या पात्यावर पडला की सुमारे ७०० किलोचा भार होतो, आणि तो सगळा पात्याला सीटपासून लांब ढकलणारा. दुसरे पंप चालू असतील तर याहून जास्त. म्हणजे बाण पाहून ‘बरोबर’ बसवलेला असा व्हॉल्व्ह ज्या दिवशी लागतो नेमका त्याच दिवशी गळतो.

उलटा बसवला तर चालेल, असं पुरवठादाराच्या माणसाने सुचवलं. तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं खरं आहे. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कधीतरी कोणीतरी तो काढेल, ‘चुकीचा’ लागलेला बाण पाहील आणि मोठ्या कर्तव्यभावनेने सरळ करून टाकेल. म्हणून निविदेत दोन्ही दिशांनी बंद होणारा व्हॉल्व्हच मागितला, आणि दोन्ही दिशांच्या दाबचाचणीची अट घातली.

चाचणी पाहायला गेलो तेव्हा तुलनेसाठी एका दिशेचा व्हॉल्व्हही बाकावर लावून घेतला. बाणाच्या बाजूने दाब दिला, दुसरं तोंड कोरडं. मग तोच व्हॉल्व्ह फिरवून उलट बाजूने दाब दिला. काटा एक बारच्या (सुमारे १० मीटर पाण्याच्या दाबाच्या) पुढे सरकण्याआधीच पात्याच्या खालच्या कडेला थेंब दिसले, थेंबांची धार झाली, आणि १.४ बारला धार बाकावरून खाली पडायला लागली. नगरपरिषदेचे अभियंते शेजारी उभे होते. दरातल्या फरकाबद्दल त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

घेतलेल्या व्हॉल्व्हचा तपशील असा : पातं एसएस ३१६ चं, भोक पूर्ण गोल आणि तळाला खाच नाही, भोकाच्या कडेने रबरी सील, स्पिंडल वर येणारा, दाबश्रेणी दोन्ही दिशांनी १० बार. रबर नायट्राइल, म्हणजे एनबीआर. पिण्याच्या पाण्यात चालणारं ईपीडीएम तेल आणि चरबीने फुगतं, आणि मैलापाण्यात हॉटेलांची चरबी भरपूर येते. निविदेत नुसतं ‘रबर सील’ लिहिलं असेल तर पुरवठादाराकडे जे असेल ते येतं.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी लागते. २५० मिमीचा नाईफ गेट दोन फ्लँजमध्ये (पाइपच्या टोकांच्या बोल्ट लावायच्या कड्यांमध्ये) साधारण ७० मिमी जागा घेतो. जुना स्लुस व्हॉल्व्ह त्याच्या कित्येक पट लांब होता. उरलेल्या जागेत आम्ही डिसमेंटलिंग जॉइंट (सैल केल्यावर व्हॉल्व्ह काढायला जागा देणारे जोड) बसवले, जे मूळ कामात नव्हतेच. त्यांच्याशिवाय व्हॉल्व्ह काढायचा म्हणजे पाइपला पहार लावणं आणि फ्लँज ताणणं आलं.

हेडरचा व्हॉल्व्ह वेगळा का

हेडरवरही तोच नाईफ गेट घालावा असा आग्रह होता, एकाच जातीचे सुटे भाग ठेवायला बरं म्हणून. मी तयार झालो नाही. मोठ्या व्यासात नाईफ गेटच्या पात्याला झेपणारा दाब सहसा कमी होत जातो. शिवाय वीज गेल्यावर दोन्ही पंप एकदम थांबतात तेव्हा रायझिंग मेनमध्ये वॉटर हॅमर (प्रवाह एकदम थांबल्यावर बसणारा दाबाचा धक्का) होतो, तो सगळ्यात आधी याच जागी येऊन आदळतो. इथे आम्ही रबरी वेजचा गेट व्हॉल्व्ह घेतला. वेजवर रबराचं पूर्ण आवरण, तळ सपाट, खाच नाही, दोन्ही दिशांनी सारखाच घट्ट. बॉनेटची पोकळी याला असते, तेवढी तडजोड आहे. कोणी अनुभवी माणूस इथे गिअरबॉक्ससह प्लग व्हॉल्व्ह सुचवेल तर मी वाद घालणार नाही.

हेडरच्या बाबतीत खरी अडचण व्हॉल्व्हच्या आधीची होती. दोन पंप चालू असताना ४५० मिमीमध्ये वेग सेकंदाला १.०५ मीटर असतो. रात्री एकच पंप चालतो तेव्हा तो ०.५ ते ०.६ मीटरवर येतो आणि वाळू तळाला बसते. म्हणून हा व्हॉल्व्ह हेडरच्या आडव्या भागातून हलवून पुढे, पाइप वर चढून पुन्हा आडवा होतो तिथे घेतला. हेडरच्या सर्वांत खालच्या बिंदूला १०० मिमीचा ड्रेन दिला, वेट वेलमध्ये परत सोडणारा. बंद केलेल्या भागातला दाब उतरला की नाही हे फ्लँजचे बोल्ट सैल करण्याआधी याच ड्रेनवरून कळतं. आणि हेडर व्हॉल्व्हच्या पुढे, रायझिंग मेनवर, एक टी (पाइपची आडवी फांदी) काढून तिला स्वतःचा व्हॉल्व्ह आणि ब्लाइंड फ्लँज, म्हणजे बोल्टने लावायचं झाकण, दिलं. ही टी त्या रात्री असती तर भाड्याचा डिझेल पंप वरच्या मॅनहोलमधून थेट तिला जोडता आला असता.

चेंबरमध्ये उतरायचं कोणी

पहिल्या दिवशी ऑपरेटर चाक फिरवायला चेंबरमध्ये उतरला होता, एकटा, गॅस मीटरशिवाय. चेंबरच्या तळाला गळतीचं पाणी साठलेलं होतं आणि पाइप जातात त्या भोकांतून वेट वेलची हवा आत येत होती. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साठतो, आणि १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असा समज घेऊन माणसं खाली उतरली आहेत आणि परत आलेली नाहीत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. नकाशावर या जागेला व्हॉल्व्ह चेंबर म्हटलं, तरी आतली हवा तीच असते.

म्हणून सर्व व्हॉल्व्हचे स्पिंडल वाढवून चाकं जमिनीवर, हेडस्टॉकवर (चाक बसवायच्या खांबावर) आणली. पाइपांभोवतीची भोकं बुजवली, चेंबरला उताराचा तळ आणि छोटा सम्प पंप (साठलेलं पाणी उपसणारा) दिला. व्हॉल्व्हच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च लहान नव्हता, आणि दरसूचीत त्याला सरळ ओळ नसल्याने मंजुरीला सर्वांत जास्त वेळ यालाच लागला. माझ्या मते संपूर्ण कामात सर्वांत योग्य ठिकाणी गेलेला पैसा हाच.

प्रत्येक हेडस्टॉकशेजारी भिंतीवर ऑइलपेंटने त्या व्हॉल्व्हचे फेरे लिहिले आहेत. महिन्यातून एकदा प्रत्येक डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून उघडायचा आणि फेरे वहीत लिहायचे. आकडा कमी आला तर जोर लावायचा नाही, चाकाला पाइप घालून तर अजिबात नाही. त्या लाइनचा पंप चालू ठेवून व्हॉल्व्ह थोडा उघडा करायचा. अरुंद फटीतून वेगाने जाणारं पाणी तळाचा गाळ धुऊन नेतं. मग पंप बंद करून पुन्हा मोजायचं.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी तोच पंप पुन्हा वर काढला, दोन पंप चालू असताना. नाईफ गेट पूर्ण फेऱ्यांनी बसला आणि डकफूट बेंडच्या तोंडातून पाणी आलं नाही. ग्लँडमधून, म्हणजे पातं बॉडीबाहेर येतं तिथल्या पॅकिंगच्या जागेतून, मात्र थेंब पडत होते. या जातीचा तो स्वभावदोष आहे, पॅकिंग अधूनमधून आवळावं लागतं आणि काही वर्षांनी बदलावं लागतं. त्यासाठी पॅकिंगचे दोन जादा संच भांडारात घेतले आहेत.

दोन कामं अजून बाकी आहेत. रायझिंग मेनवरच्या एअर व्हॉल्व्हखालचे (एअर व्हॉल्व्ह लाइनमधली हवा सोडतो) छोटे आयसोलेशन व्हॉल्व्ह जुनेच आहेत, आणि त्यातले काही गाळाने आतून बुजलेले असणार अशी मला शंका आहे. ते बदलताना भोक एअर व्हॉल्व्हच्या तोंडाएवढंच ठेवायचं, लहान नाही, असं पत्र दिलं आहे. दुसरं काम वेट वेलच्या इनलेट स्लुस गेटचं, म्हणजे मैलापाणी आत येतं ते तोंड बंद करणाऱ्या दाराचं. ते गेट पूर्ण बसत नसल्याने वेल साफ करायला अजूनही वरच्या मॅनहोलमध्ये हवेचा फुगा लावावा लागतो. त्याचं अंदाजपत्रक तयार आहे आणि या वेळी त्यातली व्हॉल्व्ह-गेटची प्रत्येक ओळ नव्याने लिहिली आहे.